उर्दू-मराठी पानाची जुळणी: नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

रमजानचे सहर-इफ्तार वेळापत्रक, मदरशाच्या जलशाचे पत्रक, निकाहचा दावतनामा, शाळेचे वार्षिक, जमातीचा जमा-खर्चाचा अहवाल. आपल्याकडे ही सगळी कामे बहुतेक वेळा दोन लिप्यांत निघतात. मराठी डावीकडून चालते, उर्दू उजवीकडून, आणि मध्येच जेर-जबरसह एखादी अरबी आयत येते. पानाची जुळणी करणारी बरीच सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली आहेत. त्यामुळे आपल्या पानावर गडबड होण्याच्या जागा जास्त असतात.

गडबड फक्त दिसण्यापुरती असती तर एक वेळ चालले असते. पण वेळापत्रकात सहरचा आणि इफ्तारचा रकाना बदलला तर लोकांचा रोजा अडचणीत येतो. चंद्याच्या आवाहनात मोबाइल नंबरचे दोन भाग उलटे छापले गेले तर फोन भलत्याच माणसाला लागतो. दावतनाम्यावर नवरीच्या वडिलांचे नाव चुकले तर त्या घराला ते कायम लक्षात राहते. आणि आयतीतला एक नुक्ता जरी हलला तरी ते पत्रक वाटता येत नाही.

घरी, शाळेत किंवा अंजुमनच्या कार्यालयात असे काम करणाऱ्यांसाठी आणि डीटीपीवाल्याकडून ते करून घेणाऱ्यांसाठीही आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. लक्षण बघा, कारण समजून घ्या, मग उपाय करा, अशी तिची मांडणी आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

पान बिघडलेले दिसले की आपण लगेच फॉन्ट बदलायला लागतो. त्याने कधी कधी गोंधळ आणखी वाढतो. दोष साधारण चार ठिकाणी असू शकतो: मूळ मॅटरमध्ये, फॉन्टमध्ये, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये, किंवा पीडीएफ आणि छपाईत.

ओळखायची सोपी रीत अशी. बिघडलेला मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे नीट वाचता आला तर मॅटर शाबूत आहे, दोष जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. नोटपॅडमध्येही रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मॅटर जुन्या फॉन्टमधले आहे किंवा चुकीच्या पद्धतीने उघडले गेले आहे. संगणकावर सगळे ठीक दिसते पण प्रेसमधून चुकीचे येते, असे असेल तर पीडीएफ तपासा. उर्दूसाठी नोटपॅडमध्ये उजवीकडची कंट्रोल आणि शिफ्ट ही बटणे एकत्र दाबली की ओळ उजवीकडून सुरू होते.

चौकोन, प्रश्नचिन्हे आणि खिचडी

ही तीन लक्षणे सारखीच वाटतात, पण तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर घाबरू नका. मॅटर जागेवर आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये त्या अक्षराची आकृती नाही. त्या लिपीचा पूर्ण फॉन्ट लावला की अक्षर दिसते.

अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र मॅटर गेलेले असते. युनिकोडमधला मजकूर जुन्या पद्धतीने सेव्ह झाला की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. कोणताही फॉन्ट ते परत आणू शकत नाही. मूळ फाइल किंवा ज्याने मॅटर पाठवले त्याच्याकडची प्रत मागवणे हाच मार्ग. म्हणून साधी टेक्स्ट फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ आहे ना, एवढे बघावे.

तिसरा प्रकार खिचडीचा. रोमन अक्षरे, त्यांवर टिंबे आणि चिन्हे असा मजकूर दिसतो. तो जुन्या फॉन्टमधला असू शकतो, किंवा यूटीएफ-८ मधला मजकूर दुसरे एन्कोडिंग समजून उघडलेला असू शकतो. दुसरी शक्यता असेल तर फाइल योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडली की मजकूर जसाच्या तसा मिळतो. मात्र खिचडी दिसत असताना फाइल सेव्ह करू नका.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली

पेजमेकर १९८५ मध्ये आल्डस कंपनीने आणला. १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीकडे गेली आणि २००१ मध्ये पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी डीटीपी सेंटरांनी वर्षानुवर्षे त्यावरच काम केले. पेजमेकरला युनिकोड समजत नाही. त्यामुळे मराठीसाठी श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले गेले. या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरेच टाइप झालेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. फॉन्ट हरवला की मॅटर वाचता येत नाही.

उर्दूची गोष्ट थोडी वेगळी. नस्तालीक संगणकावर आणणे फार अवघड होते, कारण त्यात शब्द वरच्या उजव्या बाजूने खाली डावीकडे तिरपा उतरतो आणि प्रत्येक अक्षराचे रूप शेजाऱ्यावर ठरते. १९८१ मध्ये खत्तात मिर्झा अहमद जमील आणि मोनोटाइप कंपनी यांनी नूरी नस्तालीक तयार केले, तेव्हा सुमारे २०,००० जोडआकृत्या लिहून काढाव्या लागल्या. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि आपल्याकडची उर्दू जुळणी बहुतांशी त्यावर गेली. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांचीही स्वतःची सांकेतिक पद्धत आहे. तो मजकूर सरळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला तर वाचता येत नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून इनपेजमध्ये युनिकोड आले. त्या आवृत्तीत जुनी फाइल उघडून मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. तुमच्या शाळेची, मशिदीची, अंजुमनची जुनी वार्षिके, अहवाल, सभासदांच्या याद्या अशा फाइलींमध्ये पडून असतील तर त्या आताच युनिकोडमध्ये आणून ठेवा. जुना संगणक चालू आहे, फॉन्ट आहे, तो फॉन्ट ओळखणारा ऑपरेटर आहे, तोवरच हे सोपे आहे. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप-१ प्रकारच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा आधारही बंद केला. म्हणजे जुन्या कामांचे दरवाजे एकेक करून बंद होत आहेत.

रूपांतर करताना कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आधी नेमका कोणता फॉन्ट आहे ते शोधा, कारण एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. मग एक पान बदलून पाहा आणि ते मूळ छापील प्रतीशी ताडा. मराठीत पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे तपासा. उर्दूत छोटी ये आणि बडी ये, हमजा, आणि विरामचिन्हे तपासा. आकडे आणि नावे दोघांनी मिळून वाचावीत: एकाने छापील प्रत हातात घ्यावी, दुसऱ्याने पडद्यावरून मोठ्याने वाचावे.

मराठी मजकुरातले नेहमीचे दोष

वेलांटी पुढे सरकणे. ‘किताब’ मधली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर टाइप होते. जुन्या फॉन्टची सवय असलेले ऑपरेटर ती आधी टाइप करतात. मग वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ येते किंवा ती मागच्या अक्षराला चिकटते. ठिपक्यांचे वर्तुळ हे कुठेही दिसले तरी त्याचा अर्थ एकच, मात्रेला टेकायला अक्षर मिळालेले नाही. तेवढा शब्द पुसून पुन्हा टाइप करावा.

जोडाक्षरे फुटणे. ‘स्त्री’, ‘प्रश्न’, ‘विद्यार्थी’ असे शब्द पाय मोडून सुटे दिसत असतील तर परिच्छेदाला चुकीचे कंपोजर लागले आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट, तर इलस्ट्रेटरमध्ये त्याच विभागात इंडिक ऑप्शन्स सुरू करावे लागतात. प्रत्येक परिच्छेदाला हे वेगळे लावत बसू नका. पॅराग्राफ स्टाइलमध्ये एकदा बसवा, म्हणजे सगळीकडे लागेल.

ऱ्य आणि र्य. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. ‘ऱ्य’ हवा असेल तर नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असे टाइप करा. ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘शेतकऱ्यांना’ हे शब्द प्रूफमध्ये मुद्दाम शोधून बघा.

ल आणि श यांचे वळण. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली, त्यातही हे वळण आहे. काही युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तरच मराठी वळण येते. म्हणून कॅरेक्टर स्टाइलमध्ये भाषा हिंदी राहिली नाही ना, ते पाहावे.

ॲ चा चौकोन. ‘ॲडमिशन’, ‘ॲडव्होकेट’ यांतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नाही, तिथे चौकोन दिसतो. नवा फॉन्ट लावणे हाच चांगला उपाय.

नुक्ते. मराठी मजकुरात उर्दू नावे लिहिताना कुणी ‘ज’खाली नुक्ता देतात, कुणी देत नाहीत. दोन्ही चालते, पण एका पुस्तिकेत एकच रीत हवी. शिवाय नुक्त्याची अक्षरे दोन प्रकारे टाइप होतात, तयार अक्षर म्हणून किंवा अक्षर अधिक नुक्ता म्हणून. दिसायला सारखीच, पण एका प्रकाराने शोधले तर दुसरा सापडत नाही. सभासदांच्या यादीत नाव असून ‘सापडत नाही’ असे होण्याचे हे एक कारण आहे.

उर्दू मजकुरातले नेहमीचे दोष

अक्षरे सुटी आणि उलटी येणे. शब्दातली अक्षरे एकमेकांना न जुळता, डावीकडून उजवीकडे ओळीने उभी राहिली तर वर सांगितलेलाच कंपोजरचा दोष आहे. तो उर्दू परिच्छेदाला लावा आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा. स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी २०२४ मध्ये आलेली १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी. जुन्या १.४ मध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही नीट जुळत नाहीत.

ओळीचा माथा किंवा पाय कापला जाणे. नस्तालीकला उंची लागते. वर्डमध्ये ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ असे ठेवले असेल तर वरचे नुक्ते आणि खालची वळणे कापली जातात. ते ‘ॲट लीस्ट’ किंवा ‘मल्टिपल’ करा. जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी १२ पॉइंट असेल तर ओळीचे अंतर १६-१७ पॉइंट पुरते. नस्तालीक १६ पॉइंट असेल तर २८-३० पॉइंटपासून सुरुवात करून नजरेने ठरवावे. नस्तालीक त्याच आकड्यावर मराठीपेक्षा बारीक दिसते, म्हणून त्याचा आकार मोठा ठेवावाच लागतो. वयस्कर वाचकांचा विचार करा.

अक्षरांमध्ये फटी. ओळ भरण्यासाठी काही जण ट्रॅकिंग वाढवतात. रोमन लिपीला ते चालते. उर्दूत त्याने जोड तुटतात आणि मराठीत शिरोरेघ तुटते. दोन्ही लिप्यांसाठी ट्रॅकिंग शून्य ठेवा आणि फक्त शब्दांमधले अंतर कमी-जास्त होऊ द्या. तसेच, ज्या फॉन्टला ठळक रूप नाही त्याला जबरदस्तीने बोल्ड केले की नस्तालीकचे नुक्ते एकमेकांत मिसळतात. शीर्षकासाठी आकार वाढवणे बरे.

अरबी अक्षरे शिरणे. अरबी कीबोर्डवरची काफ, ये आणि हे ही अक्षरे उर्दूच्या अक्षरांपेक्षा संगणकाच्या दृष्टीने वेगळी आहेत. अरबी कीबोर्डने उर्दू टाइप केली की काही अक्षरे वेगळ्या फॉन्टमध्ये उडी मारतात, नस्तालीकच्या ओळीत मध्येच नस्ख दिसते. शोधा-बदला या सोयीने ती एका फटक्यात बदलता येतात. मात्र पानावर अरबी मजकूर असेल तर तो त्यातून वगळा.

वर्डमध्ये आकार न बदलणे. वर्ड मराठी आणि उर्दू या दोन्हींना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानते. स्टाइलमध्ये वरचा फॉन्ट आणि आकार बदलला तरी तो रोमनलाच लागतो. फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी वेगळी जागा असते, तिथे बदल करावा.

दिशेचे घोटाळे: इथे सर्वांत जास्त सावध राहा

उर्दू वाक्याचा पूर्णविराम चुकीच्या टोकाला गेला, कंस उलटे झाले, तर समजा की परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे राहिली आहे. मजकूर उजवीकडे सरकवला म्हणजे दिशा बदलली असे होत नाही. अलाइनमेंट वेगळी, दिशा वेगळी. ऑपरेटर अनेकदा कंस हाताने उलटवून वेळ मारून नेतात. मग नंतर कुणी दिशा सुधारली की सगळे पुन्हा उलटते.

आकडे यापेक्षा धोक्याचे, कारण चुकले तरी बरोबर दिसतात. उर्दू परिच्छेदात मोबाइल नंबर मध्ये जागा सोडून पाच-पाच आकड्यांत लिहिला तर पुढचे पाच मागे आणि मागचे पाच पुढे छापले जातात. नंबर सलग लिहा, म्हणजे हे होत नाही. तारीख आडव्या रेघांनी लिहिली तर दिवस आणि वर्षाची अदलाबदल होते, तिरप्या रेघेने लिहिली तर सहसा टिकते. ‘इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत’ हे मध्ये रेघ देऊन लिहिले तर उर्दूत उजवीकडची वेळ आधीची ठरते, पण मराठीच्या सवयीने वाचणारा डावीकडची आधीची समजतो. अशा ठिकाणी ‘से’ आणि ‘तक’ असे शब्दच लिहावेत.

आता सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाचे बघा. उर्दू तक्त्यात पहिला रकाना उजवीकडे असतो, मराठीत डावीकडे. तक्त्याची दिशा बदलली की रकाने आपोआप उलटतात. पण शीर्षके वेगळ्या चौकटीत टाकलेली असतील तर ती जागेवरच राहतात. मग ‘सहर’ या शब्दाखाली इफ्तारच्या वेळा येतात. दोन्ही वेळा पाच-सहाच्या आसपासच्या असल्याने वरवर पाहणाऱ्याला काही खटकत नाही. म्हणून शीर्षके तक्त्याच्या आतच ठेवा. तपासायची एक खूणही आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या रमजानात दिवस मोठा होत जातो, त्यामुळे रकान्यात खाली उतरताना सहरची वेळ अलीकडे सरकते आणि इफ्तारची पुढे जाते. उलट दिसले तर काहीतरी चुकले आहे. छापण्याआधी मशिदीतल्या मूळ यादीशी प्रत्येक ओळ ताडावीच.

दोन भाषांची पुस्तिका असेल तर बांधणी कोणत्या बाजूला हे पहिल्याच दिवशी ठरवा. उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते. बरीच शाळा-वार्षिके एका टोकाने मराठी, दुसऱ्या टोकाने उर्दू आणि मध्यभागी फोटोंची पाने अशी निघतात. अशा वेळी दोन वेगळ्या फाइली करून, पानांचा क्रम कागदाच्या डमीवर लिहून प्रेसला द्यावा. सेंटर पिनच्या पुस्तिकेत पाने नेहमी चारच्या पटीत लागतात, जसे २८, ३२, ३६.

आयत, दरूद आणि अरबी मजकूर

कुरआनची आयत स्वतः टाइप करू नये, कन्व्हर्टरमधून तर मुळीच काढू नये. तपासलेल्या डिजिटल प्रतीतून घ्यावी आणि त्या प्रतीसाठीच बनवलेला फॉन्ट लावावा. मदिन्याच्या किंग फहद संकुलाने उस्मानी लिपीचे फॉन्ट उपलब्ध केले आहेत. आपल्याकडची मुले ज्या मुसहफवर शिकतात त्याची चिन्हांची रीत थोडी वेगळी असते, हे बालवाचकांसाठी काम करताना लक्षात ठेवावे. फॉन्ट बदलला की जेर-जबर, मद आणि वक्फच्या खुणा सरकतात किंवा गळतात. म्हणून आयत पक्की झाली की तिचे कर्व्ह करून ठेवा. छापील पानावरून घ्यायची असेल तर काळ्या-पांढऱ्या पद्धतीने १२०० डीपीआयवर स्कॅन करा. नंतर ती हाफिजसाहेबांना किंवा मौलानांना कागदावर दाखवावी, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नव्हे.

नबींच्या नावापुढे येणारे दरूदाचे गोल चिन्ह युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे. मराठी फॉन्टमध्ये ते सहसा नसते, त्यामुळे मराठी परिच्छेदात तिथे चौकोन येतो. अरबी फॉन्टची एक कॅरेक्टर स्टाइल करून फक्त त्या चिन्हाला लावा. किंवा मराठीत ‘स.’ अथवा पूर्ण ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ लिहा.

आणि एक अदबीची गोष्ट. प्रूफच्या कागदांवर आयत असते. ते कागद प्रेसच्या फरशीवर पडत नाहीत, पुड्या बांधायला जात नाहीत, याची सोय आधी करावी. आम्ही सुचवू की सुरुवातीच्या प्रूफांत आयतीच्या जागी रिकामी चौकट ठेवावी आणि ती शेवटच्या प्रूफातच बसवावी.

मजकूर आणि फोटो गायब होणे

इनडिझाइनमध्ये चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह दिसले तर मजकूर चौकटीत मावलेला नाही, उरलेला लपला आहे. नस्तालीकचा आकार वाढवला की हे हमखास होते आणि यादीतली शेवटची दोन-तीन नावे नाहीशी होतात. मजकुरावर गुलाबी पट्टा दिसला तर फॉन्ट संगणकावर नाही. पानाच्या खाली डावीकडे प्रीफ्लाइटचा ठिपका असतो, तो हिरवा होईपर्यंत फाइल प्रेसला देऊ नये.

फोटोवर लाल प्रश्नचिन्ह आले तर फोटोची मूळ फाइल हलवली गेली आहे. सॉफ्टवेअर फोटो पोटात घेत नाही, फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवते. काम दुसऱ्या संगणकावर न्यायचे असेल तर ‘पॅकेज’ करावे, म्हणजे फाइल, फॉन्ट आणि फोटो एका फोल्डरमध्ये येतात. कोरलड्रॉची फाइल प्रेसमधल्या जुन्या आवृत्तीत उघडत नसेल तर सेव्ह करतानाच जुनी आवृत्ती निवडावी. पण त्यानंतर मराठी-उर्दू मजकूर बदलला नाही ना, ते पुन्हा तपासावे.

फोटो धुरकट छापले जाण्याचे मुख्य कारण व्हॉट्सॲप. तिथे साधा फोटो पाठवला की तो लहान केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. हिशेब सोपा आहे: छपाईला प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १,२०० पिक्सेल रुंद फोटो चार इंच रुंदीपर्यंत नीट छापला जातो. पूर्ण ए-४ पानासाठी सुमारे २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल हवेत. लहान फोटो संगणकावर ताणून मोठा केल्याने त्यात तपशील येत नाही.

रंग आणि काळी शाई

हिरवा रंग आपल्या कार्डांवर आणि पत्रकांवर सर्रास असतो आणि तक्रारही त्याचीच जास्त येते. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शायांनी. पडद्यावरचा झगझगीत हिरवा या चार शायांत बसत नाही, तो मळकट होतो. काम सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये करा आणि प्रेसकडचा छापील रंग-तक्ता पाहून हिरवा निवडा. अगदी तोच रंग हवा असेल तर वेगळी शाई लावावी लागेल, त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

बारीक अक्षरे काळी दिसली तरी ती चार शायांची असू शकतात. वर्डमधून आलेल्या पीडीएफमध्ये हे होते. प्लेट केसभर हलली की अशा अक्षरांभोवती रंगीत कड दिसते आणि उर्दूचे नुक्ते ओळखू येत नाहीत. मजकूर फक्त १०० टक्के काळ्या शाईत ठेवा. पांढरी अक्षरे छापीलात गायब झाली तर त्यांना ‘ओव्हरप्रिंट’ लागलेले असते, ते काढा.

पार्श्वभूमीचा रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ राहते. मजकूर कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावा. कॅनव्हावर कार्ड केले असेल तर ‘पीडीएफ प्रिंट’ निवडून क्रॉप मार्क आणि ब्लीडची खूण करावी.

पीडीएफ आणि शेवटची तपासणी

प्रेसला शक्यतो पीडीएफच द्या. अक्रोबॅट रीडरमध्ये ती उघडून प्रॉपर्टीजमधला फॉन्टचा भाग पाहा. प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ असे असले पाहिजे. एखाद्यापुढे ते नसेल तर प्रेसच्या संगणकावर तो बदलला जाईल. सगळे कर्व्ह करून दिले तर फॉन्टचा प्रश्नच राहत नाही, पण मग शेवटच्या क्षणी अक्षर सुधारता येत नाही. म्हणून कर्व्ह केलेली आणि न केलेली अशा दोन प्रती वेगळ्या नावांनी ठेवा.

छपाईला होकार देण्याआधी एक प्रत कागदावर काढा आणि एवढे तपासा:

१. सर्व नावे, दोन्ही लिप्यांत. ज्याचे नाव आहे त्याच्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून खात्री करून.
२. प्रत्येक मोबाइल नंबर, पानावर छापलेला बघून प्रत्यक्ष लावून.
३. तारीख, वार आणि हिजरी तारीख एकमेकांशी जुळतात का.
४. तक्त्यातले रकाने आणि त्यांची शीर्षके.
५. मराठीतले ‘ऱ्य’, रफार आणि वेलांट्या. उर्दूतले नुक्ते, कंस आणि पूर्णविराम.
६. आयत आणि दरूदाचे चिन्ह, जाणकारांच्या नजरेखालून.
७. पानांचा क्रम आणि बांधणीची बाजू.

उर्दू वाचणारा आणि मराठी वाचणारा असे दोघे जण वेगवेगळे बसून तपासतील तर उत्तम. दोन्ही भाषा येणाऱ्या एकाच माणसावर सगळे सोपवले की तो एका भाषेत वाचलेले दुसरीकडेही बरोबरच असेल असे धरून चालतो.

काम छापून आल्यावर चार गोष्टी जपून ठेवा: युनिकोडमधले मूळ मॅटर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, पॅकेज केलेला फोल्डर, अंतिम पीडीएफ आणि एक छापील प्रत. त्या शाळेच्या किंवा जमातीच्या दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, फक्त डीटीपीवाल्याच्या संगणकावर नव्हे. पुढच्या रमजानला, पुढच्या जलशाला काम निम्मे झालेले असेल. आणि वीस वर्षांनी कुणी आपल्या आजोबांचे नाव जुन्या अहवालात शोधायला आले तर ते त्याला सापडेल.